इंफाळला नाव शोधायला गेलो त्याची गोष्ट

आमच्या घरात मोठी आजी होती, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली चुलती. तिचे मालक जपानच्या लढाईत गेले एवढंच आम्हा पोरांना माहीत होतं. कुठं गेले विचारलं की ब्रह्मदेशात म्हणायची, आणि ब्रह्मदेश म्हणजे नक्की कुठं हे तिलाही माहीत नव्हतं आणि सांगणाऱ्यालाही नसणार. तार आली, मग काही महिन्यांनी पेन्शनचे कागद आले, मग मेडल आली. माणूस काही आला नाही, अस्थीपण नाहीत. भटजींनी दर्भाचा पुतळा करून पालाशविधी उरकला आणि तिथं विषय संपला. आजी पुढं पन्नासेक वर्षं जगली, तिनंच आण्णांना (माझ्या वडिलांना) सांभाळलं, त्यामुळं आण्णांच्या मनात ती गोष्ट कायम होती की बाई गेली पण तिचा माणूस कुठं पडलाय ते तिला कुणी सांगू शकलं नाही.

हे सगळं लिहितोय कारण असं अर्धवट माहीत असलेलं एखादं नाव सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडकडच्या कितीतरी घरांत असतं, आणि ते शोधता येतं हे बहुतेकांना माहीतच नसतं. आम्हालाही नव्हतं. आमचा समज असा की इंग्रजांनी आपली माणसं वापरली आणि कुठल्या रानात पडली तिथं सोडून दिली, रेकॉर्ड कोण ठेवणार. तर रेकॉर्ड आहे. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या कॉमनवेल्थच्या साधारण १७ लाख माणसांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन सांभाळतं. १९१७ साली हे सुरू झालं, तेव्हा नाव इम्पिरियल होतं, १९६० मध्ये कॉमनवेल्थ झालं, आणि त्याच्या खर्चात भारत सरकारचाही वाटा असतो, छोटा आहे पण असतो. त्यांच्या वेबसाईटवर कुणीही फुकट नाव शोधू शकतो.

आता शोधू शकतो म्हणणं सोपं आहे. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा आडनाव टाकलं आणि एवढी नावं आली की स्क्रोल करता करता डोळे गेले. जाधव, पवार, शिंदे, मोरे, कदम हे टाकून बघा म्हणजे कळेल. त्यात स्पेलिंगचा घोळ. भरतीच्या वेळी समोरचा कारकून जसं ऐकेल तसं लिहायचा, त्यामुळं एकच आडनाव चार तऱ्हांनी येतं, काही ठिकाणी आडनावच नाही, नुसतं पहिलं नाव आडनावाच्या रकान्यात बसवलेलं. रेजिमेंट शोधतानाही मराठाचं स्पेलिंग तेव्हाचं टाकावं लागतं, मधे एच आणि पुढं डबल टी, नाहीतर काहीच सापडत नाही. दुसऱ्या महायुद्धात रेजिमेंटचं नाव फिफ्थ मराठा लाईट इन्फंट्री असं होतं, त्याच्या आत पहिली, दुसरी, तिसरी अशा बटालियन.

यातनं सुटका केली ती सर्व्हिस नंबरनी. नंबर कुठून आला तर मेडलवरून. आजीच्या ट्रंकेत एका फडक्यात बांधलेली मेडल होती, आम्ही लहानपणी खेळायला घ्यायचो आणि मार खायचो. त्यातल्या बर्मा स्टारची आणि वॉर मेडलची फिती कधीच विरून गेल्या होत्या, पण मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं होतं. ब्रिटिश सैनिकांची त्या युद्धातली मेडल बहुतेक कोरी यायची, भारतीय सैन्याच्या मेडलवर मात्र नाव घातलेलं असायचं. आम्ही इतकी वर्षं पुढची बाजू बघत होतो, कड कुणी बघितलीच नाही. बेळगावला मराठा रेजिमेंटच्या सेंटरला पत्र टाकायचं आण्णांनी ठरवलं होतं, लिफाफा पण आणला होता, पण त्याआधी मी मोबाईलचा टॉर्च आणि भिंग घेऊन बसलो आणि नंबर वाचला.

नंबर टाकला आणि एकच रेकॉर्ड आलं. शिपाई, फिफ्थ मराठा लाईट इन्फंट्री, मे १९४४, वय २२, आणि खाली एक ओळ: अमुक अमुकचा मुलगा, अमुकचा नवरा, गाव अमुक. गावाच्या स्पेलिंगची पार वाट लावलेली होती पण मोठ्यानं वाचलं की कळत होतं. आणि तिथं मोठ्या आजीचं नाव होतं. म्हणजे इंग्लंडच्या कुठल्याशा रजिस्टरमध्ये आमच्या आजीचं नाव इतकी वर्षं छापलेलं होतं आणि ती इकडं बिचारी पेन्शन आणायला तालुक्याला चालत जात होती. आण्णांना वाचून दाखवलं तर ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले, मग म्हणाले परत वाच.

ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं होतं, इंफाळ क्रिमेशन मेमोरियल.

म्हणजे ब्रह्मदेश नाहीच. मणिपूर. आपल्याच देशात, विमानाचं तिकीट काढून जाता येईल असं. आणि दुसरी गोष्ट, कबर नाही, क्रिमेशन मेमोरियल. हे जरा नीट सांगतो कारण आपल्याकडच्या लोकांनी हे समजून घेतल्याशिवाय जाऊन उपयोग नाही. वॉर सिमेट्री म्हटलं की डोळ्यासमोर पांढऱ्या दगडांच्या रांगा येतात. त्या रांगांमध्ये ख्रिश्चन, मुसलमान, ज्यू आणि इतर सैनिक असतात ज्यांना पुरलं गेलं. हिंदू आणि शीख सैनिकांना शक्य असेल तिथं अग्नी दिला, त्यामुळं त्यांना कबर नाही, त्यांची नावं एकत्र एका स्मारकावर असतात आणि त्यालाच क्रिमेशन मेमोरियल म्हणतात. आणि ज्यांचं काहीच हाती लागलं नाही त्यांचं नाव तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे बर्माच्या आघाडीवर बेपत्ता झालेल्यांची जवळपास २७,००० नावं रंगूनजवळ ताउक्यानला आहेत. त्यामुळं मराठा शिपायाला शोधायला गेलात आणि कबरींच्या रांगा फिरत बसलात तर दिवस जाईल, हाताला काही लागणार नाही. आपल्या माणगावचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, एवढा मोठा मान मिळालेला माणूस पण त्यांचीसुद्धा कबर नाही, नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर आहे. नाव असतं, फक्त कुठल्या दगडावर ते आधी माहीत करून जायचं. रेकॉर्डमध्ये स्मारकाच्या कुठल्या बाजूला बघायचं तेही दिलेलं असतं, ते लिहून घ्या किंवा प्रिंट काढा, कारण तिथं गेल्यावर रेंजचा काही भरवसा नाही.

जायच्या आधी मी एकटा खडकीला जाऊन आलो, पुण्यातल्या पुण्यात. खडकी वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, पश्चिम आणि मध्य भारतात जिथं जिथं विखुरलेल्या होत्या तिथून आणून एकत्र केलेल्या. शिवाय पहिल्या युद्धातल्या १,८०० पेक्षा जास्त लोकांचं स्मारक, त्यातले काही शिवडीच्या कबरस्तानातून १९६२ मध्ये हलवून आणलेले. हिरवळ एवढी छान ठेवलीये की पुण्यात आहोत असं वाटत नाही. मी तिथं गेलो ते ही जागा कशी वाचायची ते शिकायला. दगडावर वर रेजिमेंटचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय, धर्माची खूण आणि सगळ्यात खाली घरच्यांनी सांगितलेली एखादी ओळ. भिंतीत एक छोटी दाराची पेटी असते, तिच्यात रजिस्टर असतं, नाव कुठल्या प्लॉटमध्ये ते त्यात बघायचं, आणि व्हिजिटर्स बुक असतं त्यात सही करायची. इथं झोपलेल्यांची घरं हजारो मैल लांब, आणि आमच्या माणसाचं नाव इथून तीनेक हजार किलोमीटरवर. दोघांच्या घरच्यांना एकमेकांचा पत्ता असता तर अदलाबदलीनं फुलं वाहिली असती, असा एक येडा विचार आला.

मग तयारी. आण्णांचं वय बहात्तर, गुडघे बोंबलतात, पण मी येणारच. २०२२ चा डिसेंबर ठरला. नागालँडला बाहेरच्या भारतीयांना इनर लाईन परमिट, म्हणजे राज्यात शिरायची परवानगी, लागतं, आणि मणिपूरला जानेवारी २०२० पासून लागायला लागलंय, दोन्ही ऑनलाईन निघतात, फोटो आणि आधार अपलोड करायचं. आण्णांना हे अजिबात पटलं नाही. आपला माणूस तिथं जाऊन मेला तेव्हा त्याला कुणी परमिट विचारलं का, असं एजंटलाच फोनवर ऐकवलं. मी फोन काढून घेतला. परमिटमागं तिथल्या लोकांची स्वतःची कारणं आहेत आणि ती मला पटतात पण ते आण्णांना समजावण्यात अर्थ नव्हता.

सरळ इंफाळला विमानानं जाता आलं असतं. पण मला नागालँडमधलं कोहिमा बघायचं होतं, त्यामुळं दिमापूरला उतरून गाडी केली. हॉर्नबिल फेस्टिव्हल १ ते १० डिसेंबर असतो तेव्हा कोहिमात पाय ठेवायला जागा नसते, आम्ही तो संपल्यावर पोचलो. एक सांगतो, तिकडं डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. आपण आपल्या सवयीनं चार वाजता चहा पिऊन निघू म्हणतो आणि पोचेपर्यंत गेट बंद व्हायची वेळ. सकाळीच जा.

कोहिमाची सिमेट्री शहराच्या ऐन मधोमध, खाली हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या आणि वर टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या कबरी, १,४२०. खडकीसारखे उभे दगड इथं नाहीत, बुटक्या ओट्यांवर ब्राँझच्या पाट्या बसवल्यात. १९४४ मध्ये इथं डेप्युटी कमिशनरचा बंगला होता आणि बंगल्याचं टेनिस कोर्ट. एप्रिलमध्ये जपानी सैन्यानं कोहिमाला वेढा घातला तेव्हा कोर्टच्या एका बाजूला इंग्रजांचं सैन्य आणि दुसऱ्या बाजूला जपानी, ग्रेनेड हातानं फेकायच्या अंतरावर. ४ एप्रिल ते २२ जून ही लढाई चालली. आता कोर्टच्या रेषा तेवढ्या आखून ठेवल्यात, वर मोठा क्रॉस आहे, बाजूला एक चेरीचं झाड आहे, ज्या झाडावर जपानी स्नायपर बसायचा त्याच्याच फुटव्यातून आलेलं. मी तिथं उभा राहून पावलं टाकून बघितली. आपल्या शाळेतलं व्हॉलीबॉलचं ग्राउंड डोळ्यासमोर आणा, त्याच्यावर माणसं आठवडेच्या आठवडे एकमेकांना मारत होती. मी इतिहासाची पुस्तकं वाचतो, नकाशे बघतो, बाण इकडून तिकडे गेलेले दिसतात, पण हे एवढंसं आहे हे कुठल्याच नकाशात कळलं नव्हतं.

बघायला आलेले सगळे टेनिस कोर्टपर्यंत येतात, फोटो काढतात आणि उतरतात. सगळ्यात वरच्या टोकाला मात्र कोहिमाचं क्रिमेशन मेमोरियल आहे, ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं, तिथं आम्ही होतो तेवढ्या वेळात एक माणूस फिरकला नाही. कॉलेजची पोरं खाली रील बनवत होती, दिल्लीकडची वाटली, मी त्यांना म्हणलं वर पण जा, आपले लोक वर आहेत. त्यांनी हो भैया म्हणलं आणि बहुतेक गेली नाहीत. जाऊ दे. आण्णा वर चढले, गुडघा धरून, एकेका टप्प्यावर बसत. आपलं नाव इथं नाही हे त्यांना माहीत होतं, तरी सगळी नावं बोट फिरवत वाचली. म्हणाले ह्यांच्या घरचं कुणी आलंय का नाही काय माहीत, आलोय तर वाचून जाऊ.

दुसऱ्या दिवशी इंफाळला निघालो. रस्ता साधारण १४० किलोमीटर पण वेळ अंतरावर नाही, रस्त्याच्या मूडवर ठरतो. माओ गेटला परमिट बघतात. हा तोच रस्ता आहे जो १९४४ मध्ये जपान्यांनी तोडला होता आणि इंफाळला अडकलेल्या सैन्याला सगळं विमानानं पुरवावं लागत होतं, मग २२ जूनला कोहिमाकडून आलेले आणि इंफाळकडून आलेले माईलस्टोन १०९ ला एकमेकांना भेटले आणि वेढा सुटला. थोरले आबा, म्हणजे मोठ्या आजीचे मालक, मे मध्ये गेले. म्हणजे रस्ता सुटायच्या महिनाभर आधी. हे मी गाडीत आण्णांना सांगितलं आणि मग वाटलं उगाच सांगितलं, कारण पुढचा तासभर ते खिडकीतून डोंगरच बघत होते. कसे गेले हे रेकॉर्डमध्ये लिहिलेलं नसतं, गोळीनं का तापानं का हॉस्पिटलात, काही नाही. नुसती तारीख. त्यासाठी बटालियनची वॉर डायरी शोधावी लागते, तो वेगळाच उद्योग.

इंफाळमध्ये एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तिथं दोन सिमेट्री आहेत. रिक्षावाल्याला वॉर सिमेट्री म्हणलं की तो इंफाळ वॉर सिमेट्रीत नेऊन सोडतो, तिथं १,६०० कबरी आहेत आणि जागा सुंदर आहे, पण आपल्याला पाहिजे ती ही नाही. आपल्याला पाहिजे इंफाळ इंडियन आर्मी वॉर सिमेट्री, शहरातच पण वेगळी. आम्हाला पण आधी पहिलीकडेच नेलं, तिथल्या माळ्यानं आण्णांकडे बघितलं, टोपी-बिपी, आणि विचारलं, हिंदू सोल्जर? वो उधर, दुसरा वाला. आणि त्यानंच आमच्या रिक्षावाल्याला मणिपुरीत रस्ता सांगितला.

कमिशनचा पहिल्या दिवसापासूनचा नियम असा की हुद्दा, वंश, धर्म बघून फरक करायचा नाही, जनरल आणि शिपाई एकाच मापाचा दगड. कागदावर हे फार मोठं आहे आणि त्या काळाच्या मानानं खरंच मोठं आहे. पण इंफाळात उभं राहिल्यावर दोन सिमेट्री डोळ्याला दिसतात ना. आणि २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच एका अहवालात कबूल केलंय की पहिल्या महायुद्धातल्या निदान ४५,००० भारतीय, आफ्रिकी वगैरे लोकांची आठवण बाकीच्यांसारखी समान ठेवली गेली नाही, आणि निदान १,१६,००० लोकांची, कदाचित त्याहून खूप जास्त, नावासकट ठेवलीच गेली नाही. माफी मागितली. दुसऱ्या युद्धाची यादी त्यामानानं पक्की आहे, म्हणून तर आमचं नाव सापडलं. पणजोबांच्या पिढीतलं कुणी मेसोपोटेमियात गेलं असेल तर शोधणं जास्त अवघड जाईल एवढं मनात धरून चाला.

आणि आता त्यांना नावं ठेवण्याआधी आपलं पण बघा. दिल्लीत इंडिया गेटवरची नावं पहिल्या महायुद्धातली आणि १९१९ च्या अफगाण युद्धातली. नवीन नॅशनल वॉर मेमोरियल २०१९ मध्ये झालं, तिथं २५,००० च्या वर नावं आहेत, ती स्वातंत्र्यानंतरची. मग दुसऱ्या महायुद्धात जे २५ लाख भारतीय भरती झाले आणि त्यातले ८७,००० मेले ते कुठं गेले, तर या दोन्ही ठिकाणी नाहीत, मधल्या फटीत पडले. ते इंग्रजांसाठी लढले हे म्हणणं बरोबरच आहे. इंफाळच्या दक्षिणेला मोइरांगला आझाद हिंद फौजेनं १४ एप्रिल १९४४ ला झेंडा लावला, म्हणजे त्याच महिन्यांत त्याच खोऱ्यात आपलेच लोक दोन्हीकडून होते, आणि त्या बाजूला पडलेल्यांची तर अशी कबरींची रांगसुद्धा नाही. कोण बरोबर होतं ते आण्णा आणि मी हॉटेलात रात्री भांडत बसलो होतो, ते इथं नको. बावीस वर्षांचा पोरगा पगारासाठी भरती झाला होता, घरी चार पोटं होती, एवढं मला कळतं.

तर दुसरी सिमेट्री. छोटी आहे, ८२८ कबरी, शांत. आत गेल्यावर मुसलमान सैनिकांच्या कबरींवर अरबी ओळ दिसते, काही आफ्रिकन नावं आहेत. जमादार अब्दुल हाफिज इथंच आहेत, नववी जाट रेजिमेंट, ६ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया क्रॉस, इंफाळच्या उत्तरेला टेकडी घेताना गेले. आणि मग क्रिमेशन मेमोरियल, ८६८ नावं.

नावं रेजिमेंटप्रमाणे लावलेली असतात, रेजिमेंटच्या आत हुद्द्याप्रमाणे, सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक, लान्स नाईक, मग शिपाई, आणि शिपायांत एबीसीडीनं. ही पद्धत माहीत असली की दोन मिनिटांत नाव सापडतं. पण मराठा लाईट इन्फंट्री हा मथळा दिसला आणि मी ती पद्धतच विसरलो, वरनं खाली वाचत सुटलो, आणि ती सगळी आपली नावं हो, गणपत, तुकाराम, बाबू, सखाराम, रामचंद्र, इंग्रजी अक्षरांत, मणिपूरमध्ये. इतके दिवस आजूबाजूला कुणी मराठी बोलणारं भेटलं नव्हतं. आण्णांना इंग्रजी वाचता येतं पण सावकाश, ते माझ्या मागून एकेक अक्षर लावत होते आणि त्यांनाच आधी दिसलं. हे बघ, म्हणाले. एवढंच.

मी व्हिडिओ काढणार होतो, बहिणीला कबूल केलं होतं, तो राहिलाच, नंतर फोटो काढले. फोटो काढायचे तर सकाळी किंवा ऊन तिरपं असताना काढा, अक्षरं उठून दिसतात, भर दुपारी सपाट येतात.

मग खरा सीन झाला. आण्णांनी पिशवीतनं नारळ, गुलाल, बुक्का, तांदूळ, शेवंतीचा हार आणि एका पुडीत गावच्या भैरोबाचा अंगारा काढला. हे त्यांनी बॅगेत कधी भरलं मला पत्ताच नव्हता, एअरपोर्टला चेकिंगमधून कसं आलं तेही माहीत नाही. तिथला सांभाळणारा माणूस लगेच आला. चांगला माणूस, पन्नाशीचा, हिंदी बेताचं. म्हणाला फूल चलेगा, पत्थर पे कलर नहीं, दूध पानी नहीं, नारियल नहीं. दगडाला डाग पडतात आणि मग नावं खराब होतात, त्याचं बरोबरच होतं. आण्णा म्हणाले माझ्या चुलत्याला मी ऐंशी वर्षांनी गुलाल लावतोय आणि हा नाही म्हणतो. मी मधे दुभाषा. दोघं आपापल्या भाषेत बोलायला लागले, मराठी आणि मणिपुरी, माझी गरज पण संपली. शेवटी तोडगा निघाला तो असा की हार स्मारकाच्या पायाशी ठेवायचा, अंगारा आण्णांनी स्वतःच्या कपाळाला लावायचा, आणि नारळ गेटच्या बाहेर फोडायचा. नारळ फोडायला दगड त्यानंच शोधून दिला. खोबरं त्याला दिलं, रिक्षावाल्याला दिलं, समोर दोन पोरं खेळत होती त्यांना दिलं. आण्णांनी त्याला मोठ्या आजीची गोष्ट सांगितली, मराठीत, सगळी, आणि तो पण मान हलवत होता. त्याला काय समजलं देव जाणे. जाताना आण्णांनी त्याच्या हातात पैसे ठेवले ते त्यानं घेतले नाहीत.

व्हिजिटर्स बुकमध्ये आण्णांनी मराठीतून लिहिलं. थोरल्या आबांचं पूर्ण नाव, मग स्वतःचं, मग गाव, तालुका, जिल्हा. शेरा या रकान्यात काय लिहू म्हणाले. मी म्हणलं लिहा काहीतरी. त्यांनी लिहिलं, भेट झाली. मागची पानं मी चाळली, बहुतेक सह्या इंग्लंडच्या, मणिपूरच्या शाळांच्या आणि आर्मीवाल्यांच्या. आपल्या बाजूचं एक नाव दिसलं, कोल्हापूरचं, शेरा नव्हता.

जाणाऱ्यांसाठी थोडं. नुसतं नाव घेऊन जाऊ नका, नंबर घेऊन जा. मेडल नसेल तर पेन्शनचं जुनं पुस्तक, मनीऑर्डरची पावती, तार, काहीही बघा, माळ्यावरच्या ट्रंका उघडा. माणूस कुठल्या वर्षी गेला ते माहीत असलं तरी बरंच काम होतं, १९४१ म्हणजे आफ्रिका असू शकतं, १९४३-४४ म्हणजे इटली नाहीतर बर्मा. घरच्या ऐकीव माहितीवर फार विसंबू नका, आमच्या ब्रह्मदेशाचं काय झालं बघितलंत ना. रेकॉर्ड सापडलं की वेबसाईटवरच नावाचं सर्टिफिकेट डाउनलोड करता येतं, आमच्याकडं ते फ्रेम करून आजीच्या फोटोशेजारी लावलंय. आणि सगळ्यांनाच एवढ्या लांब जाणं जमत नाही, नाही जमलं तरी बिघडत नाही, पण शोधून ठेवा. मणिपूरमध्ये पुढं २०२३ पासून जो हिंसाचार झाला त्यानंतर तिथं जायचं असेल तर आधी परिस्थिती बघा, आम्ही ज्या रस्त्यानं गेलो तो रस्ता पुढं कित्येक महिने सामान्य माणसाला धड राहिला नाही. तो सांभाळणारा माणूस कसा असेल असं बातम्या बघताना आण्णा दर वेळी विचारायचे.

गावाच्या स्पेलिंगची दुरुस्ती मी परत आल्यावर कमिशनला पाठवली. नुसतं मी म्हणतो म्हणून ते बदलत नाहीत, पुरावा लागतो, तर पेन्शनच्या कागदाचा स्कॅन जोडला. उत्तर आलं की चौकशी सुरू आहे, वेळ लागेल. लागू दे.

दरम्यान आण्णांना नवीनच नाद लागलाय. इंफाळच्या त्या फोटोंमध्ये आमच्या नावाच्या वर-खाली जी नावं आहेत ती त्यांनी माझ्याकडून एकेक वेबसाईटवर शोधून घेतली, आणि त्यात एक निघालं शेजारच्या तालुक्यातलं, गावाचं नाव अर्धवट पण ओळखू येतं. त्या गावात आण्णांचा एक शाळासोबती आहे. त्याला फोन लावला, त्यानं सरपंचाचा नंबर दिला, सरपंचानं आणखी कुणाचा. काल रात्री नऊ वाजता आण्णा फोनवर कुणालातरी मोठ्यानं सांगत होते, नाही नाही, जमिनीचं काम नाही, तुमच्याकडं चव्वेचाळीस साली लढाईवर गेलेलं कुणी होतं का तेवढं सांगा, होय, म्हातारीला विचारा, मी फोन धरतो.